अर्थच्या पट्टीवरचा खळगा

जुन्या गाडीचा प्लग काढला की बहुतेक जण आधी रंग बघतात. काळा असेल तर मिक्श्चर रिच, पांढरा असेल तर लीन, तपकिरी असेल तर सगळं ठीक, असा हिशेब गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. रंग म्हणजे प्लगवर बसलेला थर आणि तो फार लवकर बदलतो. सिग्नलवर गाडी बराच वेळ आयडलवर राहिली तर चांगला प्लगही काळवंडतो. पुढे घाटात नीट ताणून चालवली की तोच थर जळून जातो. धातूची झीज अशी पुसली जात नाही. इलेक्ट्रोड कोणत्या बाजूने झिजला, कडा गोल झाली की मध्ये खळगा पडला, धातू खरवडल्यासारखा दिसतो की वितळल्यासारखा, ही सगळी नोंद गेल्या काही हजार किलोमीटरांची असते. ती वाचायला शिकलं तर कार्बोरेटरला उगाच हात लावण्याचे कितीतरी प्रसंग टळतात.

पुढचं सगळं मी मॉरिस मायनरच्या आधाराने सांगणार आहे. अलेक इसिगोनिसची ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली आणि पुढे सोळा लाखांहून जास्त बनल्या. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने काढली होती. १९५६ पासूनच्या मायनर १००० मध्ये बीएमसीचं ‘ए सीरिज’ इंजिन ९४८ सीसीचं होतं, १९६२ पासून ते १०९८ सीसीचं झालं. एकच एसयू कार्बोरेटर, लुकासचा डायनॅमो, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. यात काहीच लपलेलं नाही. बॉनेट उघडलं की प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं, म्हणून शिकायला याहून चांगलं इंजिन नाही.

आधी नेहमीची झीज कशी असते ते पाहू. प्लगच्या मधोमध चिनी मातीच्या आवरणातून येणारा मधला इलेक्ट्रोड असतो आणि प्लगच्या धातूच्या अंगातून निघून त्याच्यावर वाकलेली अर्थची पट्टी असते. दोघांमधली फट म्हणजे गॅप. मायनरला ती ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर लागते. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अत्यंत सूक्ष्म अंश उडतो. साध्या निकेलच्या प्लगमध्ये गॅप दर हजार किलोमीटरला साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर वाढते. नव्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडचं डोकं सपाट आणि कडा धारदार असते. वापरात आधी ती कडा गोल होते, मग डोकं थोडं घुमटासारखं होतं. पट्टीची आतली बाजूही थोडी खरबरीत होते, पण तिची झीज मधल्या इलेक्ट्रोडपेक्षा कमी असते. हा क्रम नीट लक्षात ठेवा: आधी मधला इलेक्ट्रोड, मागाहून पट्टी. पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

चार हजार किलोमीटरांत गॅप ०.६४ वरून ०.७ च्या आसपास गेली तर चिंता नको. तेवढ्याच अंतरात ती ०.९ झाली असेल तर काहीतरी नक्की बिघडलेलं आहे.

प्लग काढण्याचीही एक रीत आहे आणि घाईत तीच मोडते. इंजिन थंड होऊ द्यावं. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टीने नंबर घालावा. एक नंबर रेडिएटरकडचा. प्लगच्या खाचेतली माती फुंकून किंवा हवा मारून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. मग एका फळीला चार भोकं पाडून त्यात प्लग क्रमाने उभे करावेत. एकत्र डब्यात टाकलेल्या प्लगांमधून अर्धी माहिती गेलीच म्हणून समजा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाहून होईपर्यंत काचपेपर, तारेचा ब्रश किंवा वाळूचं मशीन यांपैकी काहीही लावू नये. आपल्याकडे प्लग बाहेर आला की मिस्त्रीचा हात आपोआप काचपेपरकडे जातो. त्यात प्लग चकचकीत होतो खरा, पण जे वाचायचं होतं तेच घासलं जातं.

रंगही बघायचा असेल तर गाडी मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये थोडी ताणावी, तशीच क्लच दाबून इंजिन बंद करावं आणि कडेला घ्यावी. घरी येऊन आयडलवर उभी करून मग काढलेल्या प्लगचा रंग फक्त आयडलची हकिकत सांगतो. जुन्या मॅन्युअलमध्ये बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला म्हटलेला असतो तो शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे. भारतात २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. आताचं पेट्रोल जळाल्यावर प्लग मूळचाच फिकट दिसतो, त्यामुळे थोडा पांढुरका प्लग पाहून लगेच मिक्श्चर रिच करायला धावू नये. दुसरीकडे, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं. कार्बोरेटर आपलं जुनं प्रमाण सोडत नाही, म्हणून मिक्श्चर सुमारे सात-आठ टक्क्यांनी खरोखरच लीन होतं. म्हणजे फिकट रंगाची दोन कारणं झाली, एक निरुपद्रवी आणि एक दखल घेण्याजोगं. नुसत्या रंगावरून ती वेगळी करता येत नाहीत. इथेही धातू आणि चिनी मातीचं नाक जवळून पाहावं लागतं.

चार प्लग फळीवर मांडले की पहिला प्रश्न: चौघांवर सारखंच आहे का? चारही सारखे झिजले असतील तर दोष चौघांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा: कॉइल, टायमिंग, कार्बोरेटर, पेट्रोल किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग. शेजारचे दोनच वेगळे असतील तर शेजार का जुळला ते बघायचं. ए सीरिज हेडमध्ये एक-दोन मिळून एक इनलेट पोर्ट आहे आणि तीन-चार मिळून दुसरा. मॅनिफोल्डची पॅकिंग एका टोकाला हवा ओढत असेल तर जोडीने दोन प्लग पांढरे पडतात. दोन आणि तीन मात्र मधला एक्झॉस्ट पोर्ट वाटून घेतात आणि तिथे हेड जास्त तापतं. हेड गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये जळण्याची तक्रारही याच इंजिनाची. आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांत हवा-पेट्रोल अगदी समसमान भरलं जात नाही, तेव्हा त्यांच्या रंगात किंचित फरक असतोच. तो आजार नव्हे.

एकच प्लग वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरपुरतं कारण शोधावं. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. कोरडा पण भाजल्यासारखा असेल तर मी आधी तो किती घट्ट होता ते विचारतो. प्लगची बरीच उष्णता बैठकीच्या वॉशरवाटे हेडमध्ये जाते. वॉशर गायब असेल, दोन वॉशर असतील किंवा प्लग नुसता हाताने बसवून सोडला असेल, तर ती वाट बंद होते आणि त्या प्लगचं टोक इतरांपेक्षा खूप जास्त तापतं. नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा द्यावा म्हणजे वॉशर नीट दबतो.

उष्णतेने झालेली झीज ओळखणं अवघड नाही. प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या खाली राहिलं तर कार्बन साठतो, साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं तर ते स्वतःच निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधी मिक्श्चर पेटवतं. असा प्लग भिंगाखाली धरला की चिनी मातीवर बारीक फोड दिसतात, इलेक्ट्रोडची कडा निळसर किंवा वितळून ओघळलेली असते. कधी नाकावर मिऱ्याच्या दाण्यासारखे करडे ठिपके असतात. ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे कण. ते दिसले की गाडी त्याच दिवशी थांबवावी. टायमिंग जास्त ॲडव्हान्स आहे का, मिक्श्चर लीन आहे का, कुठे हवा ओढली जाते का, हे तपासल्याशिवाय पुन्हा चालवू नये. प्लगची हीट रेंज बघताना नंबरांचा घोळ ध्यानात ठेवावा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, तर चॅम्पियन आणि बॉशमध्ये आकडा मोठा तितका प्लग गरम. एका कंपनीचा आकडा मनात धरून दुसरीचा प्लग घेतला की नेमकं उलटं होतं.

आता ज्या झिजेसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. पुण्यातल्या एका ओळखीच्यांच्या मायनरचे चार प्लग माझ्या फळीवर आले ते असे: रंग चौघांचा छान, फिकट तपकिरी. चिनी माती स्वच्छ, फोड नाहीत, ठिपके नाहीत. मधल्या इलेक्ट्रोडची कडा जवळजवळ नव्यासारखी धारदार. आणि अर्थच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, बरोबर मधल्या इलेक्ट्रोडच्या समोर, वाटीसारखा गोल खळगा. चारही प्लगांना, एकाच जागी, जवळजवळ एकाच खोलीचा. तक्रार होती की गाडी सपाटीवर उत्तम चालते, पण कात्रजच्या चढावर ताण आला की मिसिंग करते आणि पावसाळ्यात सकाळी लवकर उठत नाही. कार्बोरेटर उघडून झाला होता, पॉइंट आणि कंडेन्सर बदलून झाले होते, प्लगचा संचही एकदा बदलला होता.

या प्लगांची गॅप मोजताना नेहमीचा सपाट फिलर गेज फसवतो. पातं खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकतं आणि खाली राहिलेली खोली मोजलीच जात नाही. ०.६५ चं पातं घट्ट बसलं म्हणून गॅप ठीक वाटते. गोल तारेचा गेज घातला तेव्हा ०.९ ची तार सहज आत गेली. जुन्या गाडीच्या हत्यारांत तारेचा गेज असावाच, तो यासाठी.

झीज नेहमीच्या उलट झालेली आहे: पट्टी खाल्ली गेली आणि मधला इलेक्ट्रोड शाबूत. याचा अर्थ ठिणगी उलट्या दिशेने पडते आहे. ते नीट समजून घेऊ. इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघून धन टोकाकडे जातात. धातू जितका तापलेला तितके त्याच्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड चिनी मातीत अडकलेला असल्याने त्याची उष्णता बाहेर जायला वेळ लागतो आणि तो पट्टीपेक्षा जास्त तापलेला राहतो. म्हणून कॉइल अशी गुंडाळलेली असते की मधला इलेक्ट्रोड ऋण राहावा. मग कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. इलेक्ट्रॉन ज्या टोकातून सुटतात त्याच टोकावर उलट दिशेने धन आयन येऊन आदळतात आणि धातूचे कण उडवतात. म्हणून ऋण टोक जास्त झिजतं. नेहमीच्या प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड आधी का झिजतो याचं उत्तर हेच. ध्रुव उलटे झाले की पट्टी ऋण होते, मार तिला बसतो आणि समोरासमोरच्या त्याच गोल जागेत खळगा पडत जातो.

त्याबरोबर ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं: कधी पंधरा-वीस टक्के, कधी त्याहून अधिक. सपाटीवर कॉइलजवळ तेवढी शिल्लक असते. चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबात ठिणगी पाडायला आणखी व्होल्टेज हवं असतं आणि शिल्लक संपते. पावसाळी सकाळी दमट वायरींतून आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवरून थोडा करंट गळतोच, वर बॅटरी स्टार्टरने ओढलेली. तिथेही शिल्लक संपते. वरच्या दोन्ही तक्रारी, चढावरचं मिसिंग आणि पावसातली सुरुवात, एकाच कारणाच्या होत्या. खळग्यामुळे गॅप वाढत जाते तसं हे बिघडत जातं. नवा संच घातला की गॅप पुन्हा बरोबर होते आणि गाडी काही काळ सुधारते. त्यामुळे प्लगच वाईट होते असा समज होतो.

ध्रुव उलटे झाले कसे? त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांसारखी मायनर मूळची पॉझिटिव्ह अर्थची: बॅटरीचं धन टोक बॉडीला. आताचे रेडिओ, मोबाइल चार्जर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे बहुतेक संच निगेटिव्ह अर्थ मागतात. म्हणून मालक गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतात. या गाडीचंही आधीच्या मालकाकडे असताना कुठेतरी हे काम झालं होतं. बॅटरी फिरवली, डायनॅमोला नव्याने ध्रुव दिला, अँपिअर मीटरच्या वायरी बदलल्या. कॉइलच्या दोन बारीक वायरी तशाच राहिल्या.

कॉइलमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी ही दोन गुंडाळणी एका टोकाला एकमेकांना जोडलेली असतात. प्रायमरीतला करंट उलट वाहिला की सेकंडरीचं उंच व्होल्टेजही उलट्या खुणेचं निघतं. जुन्या लुकास कॉइलवर टोकांना ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरं असतात: एक स्विचकडून येणारं, दुसरं पॉइंटकडे जाणारं. ही नावं गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे असं धरून छापलेली आहेत. बॅटरी फिरवल्यावर नावाप्रमाणे लावलेल्या वायरीच चुकीच्या ठरतात. पॉइंटकडे जाणारी वायर ‘एसडब्ल्यू’ला लावावी लागते. नंतरच्या कॉइलवर अधिक आणि वजा अशा खुणा आल्या आणि काम सोपं झालं. निगेटिव्ह अर्थ गाडीत डिस्ट्रिब्युटरची वायर वजाला, पॉझिटिव्ह अर्थ गाडीत अधिकला.

उलट्या कॉइलवरही इंजिन सुरू होतं, चालतं, वेग घेतं. काहीही जळत नाही, फ्यूज उडत नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही आणि तिचा पुरावा फक्त प्लगच्या पट्टीवर साठत राहतो.

खुणा पुसट असतील किंवा कॉइल मधल्या काळात बदललेली असेल तर खात्रीसाठी शिसपेन्सिलची जुनी चाचणी आहे. एका प्लगची वायर काढून तिचं रबरी टोपण मागे सरकवायचं, म्हणजे आतलं धातूचं टोक उघडं पडतं. ते टोक इन्सुलेटेड पक्कडीने प्लगच्या डोक्यापासून सहा-सात मिलिमीटरवर धरायचं. इंजिन बाकीच्या तीनवर चालू. मग टोकदार केलेल्या पेन्सिलीचं शिसं त्या फटीत मधोमध न्यायचं. पेन्सिल लाकडी आणि लांब हवी, हात तिच्या मागच्या टोकाला, पाय कोरड्या जमिनीवर. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून दूर राहावं. गॅरेजचं शटर अर्धं ओढून अंधार केला की ठिणगी स्पष्ट दिसते: एका बाजूला बारीक निळसर रेघ आणि दुसऱ्या बाजूला रुंद, नारिंगी झाक असलेला पिसारा. पिसारा पेन्सिल आणि प्लग यांच्यामध्ये फुलला तर ध्रुव बरोबर. वायर आणि पेन्सिल यांच्यामध्ये फुलला तर उलटे.

त्या मायनरमध्ये पिसारा वायरीच्या बाजूला होता. इग्निशन बंद करून कॉइलवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पुन्हा पेन्सिल धरली, पिसारा प्लगच्या बाजूला आला. दुरुस्तीला खर्च काहीच नाही. फक्त खळगा पडलेले प्लग टाकून द्यावे लागले, कारण पट्टी वाकवून गॅप जमवली तरी खोलगट जागा तशीच राहते आणि ठिणगी कुठून पडेल याचा भरवसा नसतो. मी कॉइलवर रंगाने मोठा ठिपका काढून ‘पॉइंट’ असं लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा मिस्त्री जुनी अक्षरं वाचून वायरी परत फिरवणार नाही.

एक अपवाद नोंदवायला हवा. सीट्रोएन टू सीव्हीसारख्या गाड्यांत, आणि नंतरच्या अनेक गाड्यांतही, एकाच कॉइलची दोन टोकं दोन प्लगांना जातात आणि दोन्हीकडे एकदम ठिणगी पडते. तिथे एका प्लगवर ध्रुव सरळ, तर जोडीदारावर नेहमीच उलटे. अर्ध्या प्लगांवर पट्टी जास्त झिजलेली दिसली तर त्या रचनेत ते अपेक्षितच आहे. वायरी बदलून काही साधणार नाही, उलट झीज एका प्लगवरून दुसऱ्यावर जाईल. चारही प्लगांवर सारखा खळगा असेल आणि कॉइल एकच असेल, तरच वरचं निदान लागू होतं.

ध्रुव सरळ केल्यावर नवा संच घालून हजारभर किलोमीटर चालवावेत आणि प्लग पुन्हा फळीवर मांडावेत. मधल्या इलेक्ट्रोडची कडा किंचित बोथट व्हायला लागलेली असेल, पट्टीची आतली बाजू सपाट असेल आणि तारेचा गेज ०.६४ च्या आसपासच अडत असेल तर विषय संपला. पट्टीवर अजूनही चकचकीत ठिपका दिसत असेल तर चाचणी दुसऱ्या प्लगवर पुन्हा करावी आणि कॉइलच्या खुणांवर विश्वास न ठेवता पिसाऱ्याचं ऐकावं. बाजारात खुणा उलट छापलेल्या कॉइलही येतात. आणि आता ध्रुव बरोबर असतानाही चढावर मिसिंग राहिलंच, तर प्लगच्या वायरी, रोटर आणि कॅप यांच्याकडे वळावं, कारण कॉइलच्या ताकदीचा मोठा भाग तिथेही गळू शकतो.